लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर कामावर जाताना

लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करायची ठरली की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो आणि दुसरा रजेचा. रजेबद्दल जो तो आपलं मत ठोकून देतो. कुणी म्हणतं, "आजकाल दुर्बिणीतून करतात, चौथ्या दिवशी माणूस ऑफिसात." कुणी म्हणतं, "पोट कापायचं म्हणजे सहा महिने घरी बसणं आलं." दोन्ही चूक. पहिल्यावर विश्वास ठेवणारे घाईने कामाला लागतात आणि पुन्हा रुग्णालयात भरती होतात. दुसऱ्यावर विश्वास ठेवणारे नोकरीच्या धास्तीने, गरज असूनही, शस्त्रक्रियेचा विचारच सोडून देतात.

"बारीक भोकं पाडतात, त्यात काय एवढं?"

पोटावर चार-पाच छोट्या चिरा दिसतात हे खरं, पण आत झालेलं काम मोठं असतं. स्लीव्ह प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्या जठराची अरुंद नळी होते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. हे सगळं आतून भरून यायला वेळ लागतो, मग बाहेरचे टाके कितीही छान सुकलेले असोत.

गुंतागुंत झाली नाही तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बसून काम करणाऱ्यांना साधारण दोन ते तीन आठवड्यांनी कामावर जाता येतं. दिवसभर उभं राहणाऱ्या शिक्षकांना, परिचारिकांना, दुकानातल्या कर्मचाऱ्यांना तीन-चार आठवडे धरावे लागतात. ओझं उचलणं, मशीन ओढणं, पोती हलवणं अशा कामांना सहा आठवडे तरी थांबायला हवं. या काळात पाच-सात किलोपेक्षा जास्त वजन उचललं तर चिरांच्या जागी हर्निया होऊ शकतो. शेवटचा शब्द अर्थात तुमच्या सर्जनचा.

"मला तर खुर्चीत बसायचंय"

खुर्चीपर्यंत पोचायचं कसं, हे कुणी विचारत नाही. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या बँक कर्मचारी बाईंचं काम बैठं असेलही, पण सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढताना पोटात बसणारं कोपर, पुलाचे जिने आणि तासभर दांडीला धरून उभं राहणं हे बैठं काम नव्हे. त्यात या दिवसांत पोटात हजार उष्मांकही जात नसतात. सकाळी ताजंतवानं वाटणारं माणूस दुपारी तीनला एकदम गळून जातं. याचा अर्थ मन कच्चं आहे असा नाही, शरीराला इंधनच कमी मिळतंय.

म्हणून कामावर जायची तारीख ठरवताना प्रवासही मोजा. पहिले एक-दोन आठवडे उशिराची वेळ मागून घ्या, शक्य असेल तर निम्मे दिवस घरून काम करा. गुंगी आणणारी वेदनाशामक औषधं चालू असेपर्यंत आणि जोरात ब्रेक दाबताना पोटात कळ येत असेपर्यंत दुचाकी, चारचाकी दोन्ही बंद.

"कामावर गेलं की डबा पूर्वीसारखा"

सगळ्यात जास्त त्रास या गैरसमजामुळे होतो, असं माझं ठाम मत आहे. रजेचे दिवस सगळे मोजतात, पण कामाच्या आठ-नऊ तासांत खायचं-प्यायचं कसं हे कुणी बसवून ठेवत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, पुढचे साधारण दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात कामावर गेलेल्या माणसाच्या डब्यात अर्धी वाटी घोटलेलं वरण आणि थोडं दही असणार. तेवढं संपवायलाही वीस ते तीस मिनिटं लागतात. पुढे मऊ अन्न सुरू झाल्यावरही पोळी आणि मोकळा भात बरेच दिवस जड जातात. लंच अवर संपत आला म्हणून पोळीचा घास नीट न चावता गिळला की तो छातीत अडकल्यासारखा होतो, तोंडाला लाळ सुटते आणि बेसिनकडे धावावं लागतं. हे एकदा सगळ्यांसमोर झालं की माणूस ऑफिसात खाणंच टाळायला लागतो. इथून अशक्तपणाची सुरुवात होते.

पाण्याचं तर वेगळंच गणित. दिवसाला निदान दीड लिटर पाणी पोटात जायला हवं, पण एका वेळी घोट-घोटच पिता येतं. जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. हे साधायचं तर बाटली दिवसभर हाताशी हवी. वर्गावर असलेल्या शिक्षिकेला, काउंटरवरच्या कारकुनाला, एसटीच्या चालकाला ती हाताशी ठेवणं सोपं नसतं. स्वच्छ बाथरूम नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या नोकरदार बायका तर आपल्याकडे घरोघरी आहेत. या शस्त्रक्रियेनंतर ती सवय घातक ठरते. पुन्हा भरती होण्यामागे शरीरातलं पाणी कमी होणं हे नेहमी आढळणारं कारण आहे.

प्रथिनं दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात. वाटीभर शिजलेल्या वरणात ती सहा-सात ग्रॅमच असतात, एका अंड्यात जवळपास तितकीच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. एवढ्याशा जठरात नुसत्या वरणावर हा आकडा गाठणं अशक्य आहे. आहारतज्ज्ञ प्रोटीन पावडर देतात ती यासाठी. शेजारच्या टेबलावरून "जिमला जातेस का?" असं कुणी विचारलं तरी शेकर बाजूला ठेवू नका.

साहेबांकडे काही मागायचंच असेल तर हे मागा: तासाभराच्या एका सुट्टीऐवजी वीस-वीस मिनिटांच्या तीन सुट्ट्या आणि टेबलावर पाण्याची बाटली. कंपनीला यात एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही.

"वाढदिवसाचा केक आहे, एक तुकडा घे"

आपल्याकडे आग्रह मोडणं म्हणजे माणूस दुखावणं. पण विशेषतः बायपासनंतर केक किंवा पेढा पोटात गेला की दहा ते तीस मिनिटांत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा, जुलाब असं होऊ शकतं. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. टेबलाशी बसलेल्याला ते निभावतं. गाडीच्या स्टिअरिंगवर किंवा प्रेस मशीनवर असलेल्याला निभावत नाही.

मधुमेहाच्या रुग्णांनी यापुढची एक गोष्ट लक्षात ठेवावी. वजन उतरण्याआधीच, कधी कधी काही दिवसांतच, साखर खाली येते. जुन्याच प्रमाणात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू ठेवल्या तर ती धोक्याच्या पातळीखाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. कामावर रुजू होण्याआधी सगळ्या जुन्या औषधांची डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घ्या. आणि डोकं दुखलं म्हणून सहकाऱ्याच्या ड्रॉवरमधली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तोंडात टाकू नका. बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका त्याने वाढतो. तंबाखू आणि सिगारेटनेही वाढतो. ऑफिसच्या पार्टीतली दारू पूर्वीपेक्षा फार लवकर आणि जास्त चढते, हेही याच यादीत धरा.

"हा हौसेचा खर्च, आजारपण नव्हे"

हे वाक्य रजा मागणाऱ्याला तोंडावर ऐकवलं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. लठ्ठपणा हा आजार आहे आणि ही शस्त्रक्रिया त्यावरचा उपचार. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २०२० पासून लागू असलेल्या प्रमाणित शब्दरचनेनुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली आणि ठरलेल्या अटींत बसणारी शस्त्रक्रिया लठ्ठपणाचं कारण देऊन विम्यातून वगळता येत नाही. अटी अशा: वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर त्रास, शिवाय साधे उपाय करूनही गुण न येणं. प्रतीक्षाकाळ मात्र पॉलिसीत वाचून घ्या. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला, पात्रतेच्या अटी पूर्ण होत असतील तर, प्रमाणित आजारपणात सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो.

"हा आता कायम रजेवर राहणार" अशी शंका वरिष्ठांना असते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आजारपणाच्या रजा पहिल्या वर्षी वाढलेल्या दिसल्या, पुढच्या वर्षांत मात्र शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ व्यक्तींपेक्षा कमी.

"सगळ्यांना सांगायलाच हवं" आणि "कुणाला कळता कामा नये"

पहिलं बंधनकारक नाही. रजेचा अर्ज आणि फिट असल्याचं प्रमाणपत्र आस्थापना विभागाकडे जातं, चहाच्या टपरीवर नाही. सहकाऱ्यांना "पोटाचं ऑपरेशन झालं, काही दिवस पथ्य आहे" एवढं पुरतं. दुसऱ्यात शरमेचा भाग जास्त असतो, आणि शरमेचं काही कारण नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या, आणि त्यांचं काम पुढे चालूच राहिलं. "सोपा मार्ग निवडला" म्हणणाऱ्यांनी एकदा महिनाभर घोटलेल्या वरणावर नोकरी करून पाहावी. निदान एका विश्वासू सहकाऱ्याला मात्र खरं सांगून ठेवा. चक्कर आली तर नेमकं काय झालंय हे सांगणारं कुणीतरी जवळ हवं.

कामावर रुळल्यावरही काही गोष्टी मागे राहतात. शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान अनेकांचे केस गळतात. ते बहुधा परत येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र आयुष्यभर घ्याव्या लागतात. वजन उतरलं, कामही सुरळीत झालं म्हणून त्या सोडल्या की काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, हातापायांना मुंग्या आणि दम लागणं सुरू होतं.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी मिनिटाला १२० च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, न थांबणाऱ्या उलट्या, एका पोटरीला सूज किंवा अचानक दम लागणं, यांतलं काहीही दिसलं तर शिफ्ट संपायची वाट पाहू नका. असाल तिथून सर्जनना फोन करा आणि थेट रुग्णालयात जा.