गोदाकाठचा पंचवटी परिसर: दगडात कोरलेला इतिहास

नाशिककरांनो, रामकुंडावर गेलात की जरा मान वर करून बघा! 🛕

🔔 नारोशंकर मंदिर (1747): सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेलं शिवमंदिर. भोवती तटबंदी आणि 1739च्या वसई विजयाची आठवण सांगणारी मोठी घंटा.

🌊 दुतोंड्या मारुती: पाणी याच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावरून नाशिककर आजही पूर मोजतात.

🖤 काळाराम मंदिर: सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात उभारलं. 2 मार्च 1930 रोजी इथेच डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला.

🌳 शेवट गोदापार्कवर संध्याकाळी फेरफटका मारून करा. हा वारसा आपला आहे, तो जपूया!

#नाशिक #पंचवटी #गोदावरी