रात्री बाराचा कल्ला

मामीने मॅक्सीवर ओढणी टाकली, पायात मिळतील त्या चपला सरकवल्या आणि म्हणाली, ‘‘चल, किल्ली घे स्कूटीची.’’ घड्याळात बारा वाजून गेलेले. ठिकाण महाड. तारीख सांगायला हवी का? 2 नोव्हेंबर 2025. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतने मागे धावत जाऊन तो शेवटचा कॅच घेतला होता आणि बायकांच्या टीमने पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला होता!

पण ही स्टोरी तिथून सुरू होत नाही. ती सुरू होते अठरा वर्षं आधी, पोलादपूरला, काकांच्या ओटीवर.

24 सप्टेंबर 2007. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. अर्धे चाकरमानी गौरी-गणपती आटपून मुंबईला पळालेले, उरलेले अर्धे काकांच्या टीव्हीसमोर. मी दहा वर्षांची. टी-ट्वेन्टी म्हणजे नक्की काय हे तेव्हा मोठ्यांनाही नीट कळलेलं नव्हतं, पण समोर पाकिस्तान आहे एवढं पुरेसं होतं. आणि टेन्शन मिसबाहपेक्षा जास्त लाइटचं! लोडशेडिंगचे दिवस ते. प्रत्येक ओव्हरला कुणीतरी बल्बकडे बघून हात जोडायचं.

शेवटची ओव्हर. 13 रन हव्यात, हातात एकच विकेट, बॉलिंगला जोगिंदर शर्मा. मिसबाहने एक सिक्स ठोकला तेव्हा काका उठून पडवीत निघून गेले. मग तो स्कूप, बॉल हवेत, खाली श्रीशांत. 5 रननी जिंकलो! काकांना कळलं ते आमच्या ओरडण्यावरून.

पुढच्या मिनिटाला घर रिकामं. दादा, त्याचे मित्र, शेजारची पोरं, सगळे हायवेवर. विसर्जनासाठी आणलेला गुलाल आदल्या रात्रीच निम्मा संपला. गोव्याच्या दिशेने जाणारे ट्रक हॉर्न वाजवत थांबत होते आणि ड्रायव्हर लाल होऊन पुढे कशेडी घाटाकडे निघत होते. ताशा वाजत होता. हे सगळं मी बघितलं ते ओटीच्या कठड्याला धरून. कारण मीही दारातून निघालेच होते, तेवढ्यात आजीचा आवाज आला, ‘‘तू कुठं निघालीस? पोरींनी इथून बघायचं.’’

राग आला का? खरं सांगायचं तर नाही. तेव्हा वाटलं, असंच असतं. आई, काकी, आत्या सगळ्या ओटीवरच तर उभ्या होत्या. आणि नाचून आलेल्यांना चहा कोण देणार होतं?

2011ला धोनीचा सिक्स वानखेडेवर पडला तेव्हा मी चौदा वर्षांची. पुन्हा तेच. फक्त ओटीच्या जागी गॅलरी.

मग नोकरीच्या निमित्ताने मुंबई. 4 जुलै 2024ला मी मरीन ड्राइव्हला गेले. मुद्दाम. बार्बाडोसला जिंकलेली रोहितची टीम ओपन बसमधून एनसीपीएपासून वानखेडेकडे निघणार होती आणि मला एकदा तरी त्या गर्दीच्या आत असायचं होतं. काय सांगू? समोर समुद्र आणि इकडे माणसांचा समुद्र. अर्ध्या तासात माझे पाय जमिनीला टेकतायत की नाही हेच कळेना. एक चप्पल गेली, ती गेलीच. कोपर बाहेर काढून, बॅग छातीशी धरून उभी राहिले आणि ‘इंडिया इंडिया’ ओरडत होते. बस दिसली तेवढा एक क्षण मस्त. बाकी वेळ मी जल्लोष करत नव्हते, स्वतःला सांभाळत होते. दुसऱ्या दिवशी महापालिकेने तिथून चपला-बुटांचे ढीग उचलले. त्यात एक माझी.

म्हणून परवाच्या नोव्हेंबरात नेरूळच्या तिकिटासाठी मी धडपडलेच नाही. शनिवार-रविवार मामाकडे महाडला गेले. त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये 2021च्या पुराची रेघ अजून दिसते. वर तिसऱ्या मजल्यावर मामी, कार्तिकी एकादशीची साबुदाण्याची खिचडी आणि पावसामुळे दोन तास लांबलेली मॅच.

मामाला या टीममधलं सगळ्यात जास्त कौतुक कोचचं. अमोल मुझुमदार! 1988ला शाळेच्या मॅचमध्ये सचिन आणि कांबळीने 664 रनची पार्टनरशिप केली तेव्हा हा मुलगा पॅड बांधून बसून राहिला, पुढे मुंबईसाठी ढिगाने रन काढल्या आणि इंडियाची कॅप काही मिळाली नाही. ही गोष्ट मामाने त्या संध्याकाळी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा मामी म्हणाली, ‘‘अहो, शफाली खेळतेय तिच्याकडे बघा ना.’’ तीही खरीच गोष्ट होती. मूळ टीममध्ये नसलेली ही पोरगी प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली आणि फायनलला 87 करून गेली. दीप्ती शर्माच्या 58 रन आणि वर 5 विकेट. वोल्वार्डने सेंच्युरी मारली तेव्हा मामीची खिचडी ताटात गार झाली.

एक गंमत. मी मोबाइलवर बघत होते आणि शेजाऱ्यांचा टीव्ही माझ्या काही सेकंद पुढे. त्यामुळे प्रत्येक विकेट मला भिंतीतून आधी कळत होती. शेवटचीही. आणि ती किंकाळी शेजारच्या काकूंची होती, काकांची नाही!

त्याच काकू दोन मिनिटांत दारात. हातात दिवाळीचे उरलेले भुईनळे. मामा म्हणाला, ‘‘एवढ्या रात्री? बंगळूरचं काय झालं आठवतंय ना?’’ त्याचंही चूक नव्हतं. जूनमध्ये तिथे आयपीएलच्या जल्लोषात चेंगरून 11 जण गेले होते. मामी म्हणाली, ‘‘चेंगरायला माणसं तरी हवीत.’’

बरोबर निघाली. एसटी स्टँडच्या बाजूला आम्ही जेमतेम पंधरा-वीस जणी. चार स्कूटी, एक कॉलेजच्या पोरींचा ग्रुप, दोघी नर्स, बहुतेक ड्यूटीवरून सुटलेल्या. ताशा नाही, डीजे नाही. पहिली पाच मिनिटं तर नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होतो, कारण रस्त्यावर येऊन पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं! सवयच नाही ना. मग काकूंनी भुईनळा लावला, कुणीतरी फोनवर गाणं लावलं आणि मामी नाचली. माझी मामी. मॅक्सीत. बाइकवरची तीन पोरं थांबली, एकाने विचारलं, ‘‘मावशी, काय झालं?’’ मामीने असं बघितलं की तो गाडी स्टँडवर लावून टाळ्या वाजवायला लागला.

चहाची एक टपरी उघडी होती. मामीने चहात बिस्कीट बुडवलं. म्हटलं, ‘‘अगं, उपास?’’ तर म्हणे, ‘‘बारा वाजले, द्वादशी लागली.’’ तिथी सूर्योदयाला धरतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता खरं-खरं बोलू. 2007ला अख्खा हायवे बाहेर होता, आम्ही पंधरा-वीस जणी. मरीन ड्राइव्हवरची तशी मिरवणूकही या टीमच्या वाट्याला आली नाही. बंगळूरनंतर सगळेच जपून होते, मान्य. तरी खटकतंच.

परत आलो तेव्हा मामा गेटवर उभा होता, हातात टॉर्च. काही बोलला नाही. लिफ्टमध्ये फक्त विचारलं, ‘‘मामी खरंच नाचली?’’

सकाळच्या एसटीत पेणच्या आसपास दादाचा फोन आला. पोलादपूरपर्यंत बातमी पोचली होती. ‘‘काय गं, रात्री रस्त्यावर होतीस म्हणे? गुलाल होता का?’’

‘‘नव्हता,’’ मी म्हटलं. ‘‘पुढच्या वेळी तू आण. आणि चहा पण तूच कर.’’