मॅच ऐन रंगात आणि ॲप बंद? कस्टमर केअरचा नंबर शोधण्याआधी हे करा

शेवटची दोन षटके, हव्यात २१ धावा. गोलंदाज धावत येतोय आणि मोबाइलवरून मॅचच गायब! ॲप पुन्हा उघडले, तर दोन मिनिटांत पुन्हा तेच. माझ्या वडिलांच्या फोनवर मागच्या महिन्यात असेच झाले. त्यांनी इंटरनेटवर त्या ॲपचा 'कस्टमर केअर' नंबर शोधला आणि फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. 'काका, तुमची स्क्रीन दिसायला हवी, एक छोटे ॲप टाकून घ्या,' असे तो म्हणाला. 'थांबा, मुलीला विचारतो,' म्हणून वडिलांनी फोन ठेवला, म्हणून वाचलो. बिघाड काय होता? फोनमध्ये जागाच उरली नव्हती.

व्हिडिओ ॲप वारंवार बंद पडत असेल तर काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे समजून घेऊ.

ॲप अडकते की बंद पडते?

स्क्रीनवर चक्र फिरत राहते, चित्र थांबून पुढे सरकते, याला बफरिंग म्हणतात. तिथे बहुतेक वेळा दोष इंटरनेटचा असतो. मात्र ॲप आपोआप बंद होऊन तुम्ही थेट होम स्क्रीनवर येत असाल, तर तो क्रॅश. त्यामागे बहुधा फोनची मेमरी, ॲपचे जुने किंवा सदोष व्हर्जन, नाहीतर फोनच्या सिस्टिममधील गडबड असते. अशा वेळी वायफाय बदलून किंवा डेटा पॅक वाढवून सहसा उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट आधी तपासा. घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच ॲप चालते का? फॅमिली ग्रुपवर विचारा. सगळ्यांचेच बंद पडत असेल, तर दोष कंपनीकडे आहे. फोनशी खटपट करण्यापेक्षा थोडा वेळ थांबा.

या क्रमाने जा

आधी ज्यात काहीच गमवावे लागत नाही ते उपाय करा, बाकीचे नंतर.

१. रीस्टार्ट : सेटिंग्जमधील 'ॲप्स'मध्ये जाऊन ते ॲप 'फोर्स स्टॉप' करा आणि फोन एकदा रीस्टार्ट करा. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ओट्यावर पसारा झाला की नवे भांडे ठेवायला जागा राहत नाही. रॅम कमी पडली की सिस्टिम एखादे ॲप बंद करून टाकते. रीस्टार्ट केल्याने ओटा मोकळा होतो.

२. जागा करा : फडताळ भरले असेल तरी ॲप अडते, कारण व्हिडिओ चालू असताना त्याला तात्पुरत्या फाइल साठवाव्या लागतात. व्हॉट्सॲपवरचे जुने व्हिडिओ आणि न वापरलेली ॲप्स काढा.

३. कॅशे साफ करा : अँड्रॉइडवर ॲपच्या 'स्टोरेज'मध्ये 'क्लिअर कॅशे' हा पर्याय असतो. याने लॉगिन किंवा डाउनलोड जात नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये असे बटण नाही. तिथे 'जनरल'मधील 'आयफोन स्टोरेज'मध्ये जाऊन 'ऑफलोड ॲप' करा. ॲप निघते, त्याचा डेटा राहतो. मग ते पुन्हा इन्स्टॉल करा.

४. अपडेट करा : ॲपबरोबर फोनची सिस्टिमही अपडेट करा. अँड्रॉइडवर आणखी एक नाव लक्षात ठेवा, 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू'. ॲपच्या आत वेबपान दाखवण्याचे काम हा भाग करतो. मार्च २०२१ मध्ये त्यातील बिघाडामुळे जगभरातील अँड्रॉइड फोनवर जीमेलसह अनेक ॲप्स धडाधड बंद पडली होती. गुगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचे नवे व्हर्जन आणल्यावर ती सुरळीत झाली. म्हणजे बिघाड दिसतो त्या ॲपमध्येच असतो, असे नाही.

५. शेवटचा उपाय : 'क्लिअर डेटा' करा किंवा ॲप काढून पुन्हा टाका. त्याआधी कोणत्या मोबाइल नंबरने किंवा ईमेलने खाते उघडले होते, ते लिहून ठेवा. ऑफलाइन पाहण्यासाठी डाउनलोड केलेले सगळे पुसले जाईल. आणि हेही लक्षात घ्या, ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. ऑटोपे चालू असेल तर पैसे कापले जात राहतात.

टीव्हीवर होत असेल तर?

अनेक स्मार्ट टीव्ही रिमोटने पूर्ण बंद होत नाहीत, ते स्टँडबायवर जातात. भिंतीवरचे बटण बंद करून एक मिनिट थांबा, मग सुरू करा. टीव्हीत मेमरी फोनपेक्षा कमी असते, त्यामुळे नको असलेली ॲप्स काढा. टीव्ही फार जुना असेल तर त्यासाठी ॲपचे अपडेट येणेच थांबलेले असू शकते. तेव्हा नवा टीव्ही घेण्याची घाई नको, एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक पुरते.

तक्रार कुठे करायची?

ॲपमधल्याच 'हेल्प' विभागात. फोनचे मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसचे व्हर्जन आणि नेमके काय करताना ॲप बंद पडते, ते लिहा. ही माहिती वाया जात नाही. एखादे ॲप रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्के किंवा त्याहून अधिक जणांकडे क्रॅश होत असेल, तर प्ले स्टोअरवर ते मागे ढकलले जाऊ शकते. एकाच मॉडेलच्या फोनसाठी ही मर्यादा ८ टक्के आहे. त्यामुळे क्रॅश कमी करणे कंपनीच्याही फायद्याचे असते.

सर्च करून मिळालेल्या नंबरवर मात्र विश्वास ठेवू नका. ॲप दुरुस्त करायला ओटीपी, यूपीआय पिन किंवा तुमच्या फोनची स्क्रीन कुणालाही लागत नाही. कुणी पाठवलेली 'दुरुस्त केलेली' एपीके फाइलही टाकू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

वडिलांच्या फोनमधून 'गुड मॉर्निंग'चे व्हिडिओ काढले आणि ॲप सुरळीत झाले. पाच मिनिटांचे काम होते. तुमच्या घरातल्या थोरांनाही आजच एवढे सांगून ठेवा : ॲप बंद पडले तर आधी घरच्यांना फोन करा.