अख्खे कुटुंब एका वर्गात

आपल्या कार्याला मदत करणारे बंधुभगिनी अधूनमधून एक प्रश्न विचारतात. पाड्यावर विहीर हवी, औषधे हवीत, मुलांना वह्या-पुस्तके हवीत, हे समजते. पण गाणे, वाद्य, नाच आणि नाटिका शिकवण्यासाठी खर्च कशाला? आणि शिकवायचेच असेल तर चार हुशार मुले निवडावीत, त्यांना वसतिगृहात ठेवावे. आई, बाप, आजी, कडेवरचे मूल असे सगळे बिऱ्हाड एका जागी आणून शिकवण्यात काय अर्थ?

प्रश्न रास्त आहे. देणगीतला प्रत्येक रुपया कोणीतरी घामाने मिळवलेला असतो. म्हणून कुटुंबांसाठी चालणारी ख्रिस्ती कलाशाळा म्हणजे काय, तिथले एकत्र राहणे कसे असते आणि त्यातून काय साधते, हे एका खऱ्या उदाहरणावरून समजून घेऊ.

चित्रपटानंतरची गोष्ट

‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा 1965 सालचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. ऑस्ट्रियातील नौदलाचे निवृत्त अधिकारी गेऑर्ग फॉन ट्रॅप, त्यांची सात मुले आणि शिकवायला आलेली मारिया. चित्रपटात हे कुटुंब डोंगर ओलांडून निसटते. प्रत्यक्षात 1938 साली ते रेल्वेने इटलीला गेले आणि तिथून अमेरिकेला पोहोचले. चित्रपटात आणखी एक व्यक्ती वगळली आहे, ती म्हणजे फादर फ्रान्झ वास्नर. या कुटुंबाला चार आवाजांत गायला शिकवणारे आणि वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर राहून गायनाचे मार्गदर्शन करणारे हेच धर्मगुरू होते. लग्नानंतर मारियाला तीन मुले झाली, म्हणजे घरात एकूण दहा मुले होती.

चित्रपट संपतो तिथे आपल्या विषयाची सुरुवात होते. 1942 साली या कुटुंबाने अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात स्टो या गावाजवळ डोंगरउतारावर एक शेत घेतले. कार्यक्रमांचे दौरे करून पोट भरायचे आणि उरलेल्या दिवसांत शेतात राबायचे, असे त्यांचे जीवन होते. जवळच सरकारी रोजगार योजनेतील तरुणांसाठी बांधलेल्या लाकडी बराकी रिकाम्या पडल्या होत्या. त्या जागेत 1944 च्या उन्हाळ्यात त्यांनी गायन-शिबिर सुरू केले. दुसरे महायुद्ध चालू होते. घरचे दोन मोठे मुलगे अमेरिकन सैन्यात होते. अशा दिवसांत, दुसऱ्यांच्या जागेत, पाहुणे म्हणून आलेल्या देशात त्यांनी लोकांना बोलावले: या, आठवडा-दहा दिवस आमच्याबरोबर राहा आणि गा. हे शिबिर 1956 पर्यंत दर उन्हाळ्यात भरत राहिले.

दिवस कसा जात असे

शिबिराचा दिवस उपासनेभोवती बांधलेला होता. फॉन ट्रॅप कुटुंब रोमन कॅथलिक असल्यामुळे सकाळी मिस्सा असे. दिवसा एकत्र गायन, लाकडी बासरीचे वर्ग आणि लोकनृत्य. रात्री पुन्हा गाणे आणि प्रार्थना. जेवण सर्वांचे एकत्र. थोरामोठ्यांबरोबर लहानही असत.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे चार आवाजांचे गायन. युरोपातील जुन्या चर्चसंगीतात एकाच वेळी चार निरनिराळ्या चाली चालतात. वरचा आवाज मुलांचा किंवा स्त्रियांचा, त्याखालचा भारदस्त स्त्रियांचा, मग पुरुषांचा उंच आवाज आणि सर्वांत खाली खर्ज. एका घरात हे सगळे आवाज आपोआप असतात. बारा वर्षांची मुलगी बापाचा आवाज काढू शकत नाही आणि बाप मुलीचा. प्रत्येकाला आपली ओळ सांभाळावी लागते आणि दुसऱ्याची ऐकावीही लागते. एकाने आवाज चढवला की सगळ्यांचे बिघडते. घरात बोलताना जे शिकणे कठीण जाते ते इथे गाताना हळूहळू अंगवळणी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे बासरी. त्यांनी निवडलेली लाकडी बासरी, जिला रेकॉर्डर म्हणतात, सरळ तोंडात धरून वाजवायची असते. फुंकले की पहिल्याच दिवशी सूर निघतो. तिच्यातही लहानमोठे आकार असतात, त्यामुळे लहान मुलाला लहान आणि मोठ्या माणसाला मोठी देता येते. नवख्या माणसालाही दोन-चार दिवसांत समूहात बसून वाजवता येईल असे वाद्य निवडणे, हे कुटुंबांच्या शाळेचे पहिले शहाणपण आहे. तिथे एखाद्यालाच पारंगत करण्यापेक्षा सर्वांना सामील करून घेण्याला महत्त्व असते.

गाण्यातून सेवा

1947 हे वर्ष त्या घराला जड गेले. मे महिन्यात गेऑर्ग फॉन ट्रॅप वारले. त्याच वर्षी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या ऑस्ट्रियासाठी या कुटुंबाने मदतसंस्था स्थापन केली. कार्यक्रम संपला की व्यासपीठावरूनच ते लोकांना आवाहन करीत. लोक डबाबंद अन्न, कपडे, बूट आणून देत. हा माल टनावारी ऑस्ट्रियाला गेला. श्रोते गाणे ऐकायला येत आणि परत जाताना एखाद्या अनोळखी घरासाठी काहीतरी ठेवून जात.

पुढे 1950 च्या दशकाच्या मध्यात कुटुंबाचे दौरे थांबले. मुले मोठी झाली होती, लग्ने झाली होती, प्रत्येकाची वाट वेगळी होऊ लागली होती. ते स्वाभाविकच होते. तेव्हा मारिया आणि काही मुले मिशनकार्यासाठी पापुआ न्यू गिनीला गेली. त्यांपैकी मारिया फ्रान्झिस्का ही मुलगी तिथल्या आदिवासी लोकांमध्ये सुमारे 30 वर्षे राहिली. ती 2014 साली 99 व्या वर्षी वारली. ज्या मुलीने चार आवाजांतली आपली ओळ सांभाळली, तिने आयुष्याचा मोठा भाग दुर्गम खेड्यांत सेवा करण्यात घालवला. कलाशाळेचा हिशेब मांडताना या गोष्टीही जमेच्या बाजूला लिहाव्या लागतात.

हे आपल्याला परके नाही

कोणी म्हणेल, हे सारे परदेशचे. पण गाण्यातून सुवार्ता आणि घरातून गाणे, ही परंपरा आपल्या भाषेत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापले गेले. ते ओवीत आहे, कारण ते मोठ्याने म्हणायचे आणि ऐकायचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या मंडळींत कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. पूर्वरंग, उत्तररंग, मधे अभंग, साथीला टाळ आणि मृदंग. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना शास्त्रातील कथा अशाच कळल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांची भजने आजही आपल्या उपासनेत गायली जातात. 1919 साली ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने त्याचे काव्य हाती घेतले आणि शेवटाला नेले. शाळा घरातच होती आणि विद्यार्थिनी पत्नी होती. कुटुंबाची कलाशाळा म्हणजे काय, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

पाड्यावरचा प्रश्न

आता आपल्या कामाच्या भागाकडे पाहू. जव्हार-मोखाड्यापासून नंदुरबारपर्यंत पुष्कळ आदिवासी घरांचे वर्ष दोन तुकड्यांत वाटलेले असते. भाताची कापणी आणि दिवाळी झाली की माणसे वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा शहरातल्या बांधकामावर जातात. मुले आश्रमशाळेत, आजी-आजोबा पाड्यावर, आईबाप भट्टीवर. अख्खे घर एका छपराखाली असण्याचे दिवस थोडेच. अशा घरातली मुले निवडून पुन्हा वेगळ्या वसतिगृहात नेली, तर आपण मदत करता करता आणखी एक ताटातूट करतो. कुटुंबासाठी शिबिर हवे ते यासाठी. ते मे महिन्यात घेणे सोयीचे, कारण तेव्हा मुलांना सुट्टी असते आणि कामावर गेलेली माणसे पावसाच्या आधी परत आलेली असतात. लग्नसराईही त्याच दिवसांत असते, म्हणून तारखा पाड्यातल्या लोकांना विचारूनच ठरवाव्यात.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. वारली, कोकणा यांचा तारपा सुकवलेल्या दुधी भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडाच्या पानांचा बनतो. जोड मेणाने बसवतात. वाजवणारा मधे चालतो आणि हात गुंफलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तो चाल बदलतो तशी पावले बदलतात. थोर, तरुण, पोरे सगळी एकाच साखळीत. नाचातही घर एकत्र असते ते असे. परंतु देवकार्य आणि दारू यांच्याशी नाते असल्यामुळे कित्येक विश्वासी घरांनी तारपा आणि ढोल सोडून दिले. कित्येक ठिकाणी आपल्याच सेवकांनी तसे सांगितले. त्या जागी पेटी आणि ढोलकी आली, नंतर कीबोर्ड आला. आज अशा घरातल्या मुलाला आजोबांचे वाद्य हातात कसे धरतात हेही माहीत नसते. स्तोत्र 150 मध्ये तंतुवाद्ये, पावा, डफ आणि झांजा ही सर्व स्तुतीसाठी सांगितली आहेत, याची आठवण ठेवलेली बरी. तरीही तारपा उपासनेत आणावा की नाही, हा निर्णय त्या त्या मंडळीतील वडीलधाऱ्यांचा आहे. शहरातून गेलेल्या आपण तो त्यांच्यावर लादू नये, पूर्वी लादला गेला तसा.

तारपा शिकवू शकणारा जाणकार बहुधा ख्रिस्ती नसतो. त्याला गुरू म्हणून मानाने बोलवावे, योग्य मानधन द्यावे आणि त्याच्या श्रद्धेवर कसलाही दबाव आणू नये. कोणत्याही कुटुंबाला शिबिराचे अन्न वा प्रवेश धर्माच्या अटीवर मिळता कामा नये. हे स्वच्छ असेल तरच शिबिर स्वच्छ राहते.

स्वयंपाक कोणी करायचा?

एकत्र राहण्याची खरी कसोटी व्यासपीठावर लागत नाही, ती चुलीपाशी लागते. पन्नास माणसांचे जेवण रोज दोन वेळा होणार. ते सगळे बायकांवर टाकले, तर दहा दिवस त्या भाकऱ्या थापतील आणि गाणे पुरुष व मुले शिकतील. मग ती कुटुंबाची शाळा राहत नाही. म्हणून पाळी घराची लावावी, बाईची लावू नये. ज्या घराची पाळी, त्या घरचा बाप पाणी भरील, मुलगा भांडी घाशील. लहान मुलांजवळ बसण्याचीही पाळी असावी.

मजुरीचा विचारही आधीच करावा लागतो. दहा दिवस काम बुडाले तर घरी परतल्यावर चूल कशावर पेटायची? म्हणून कुटुंब परत निघताना त्याच्याबरोबर पंधरवड्याचे धान्य देणे ही दया मानू नये, तो शिबिराच्या खर्चाचाच भाग धरावा. भाषेचेही तसेच. धडे मराठीत असले तरी नाटिका आणि गाणी घरच्या बोलीत बसवावीत, म्हणजे आजी गप्प बसून राहणार नाही. बहुतेक वेळा जुन्या चाली तिलाच ठाऊक असतात. ती बोलू लागली की शिकवणारे कोण आणि शिकणारे कोण हे उलटते, आणि नातवंडे तिच्याकडे नव्या नजरेने पाहतात.

शिबिरात भांडणे होतील. कोणाचे मूल रडेल, कोणाला खोकला लागेल, दोन घरांचे जुने वैर वर येईल. दिवसाच्या शेवटी सर्वांनी मिळून प्रार्थनेला बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच माणसाच्या शेजारी उभे राहून गायचे, एवढाच यावर उपाय आहे. सूर लागायला शेजाऱ्याचे ऐकावेच लागते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. विहिरीला आणि औषधाला पर्याय नाही; ते काम चालूच राहील. परंतु ज्या घराला वर्षातले सहा महिने विखरून राहावे लागते, त्याला दहा दिवस एकत्र बसवून त्याचा स्वतःचा आवाज ऐकवणे हीसुद्धा सेवा आहे.

आपल्या मंडळीत कोणाकडे न वापरलेली पेटी, ढोलकी किंवा टाळ असतील तर ते कळवावे. शिकवण्यासाठी, औषधपेटी सांभाळण्यासाठी किंवा नुसते चुलीपाशी मदतीला उभे राहण्यासाठी सुट्टीतले काही दिवस कोणी देऊ शकत असेल, तर तीही मोठी देणगी आहे. आणि आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत, विशेषतः दिवाळीनंतरच्या दिवसांत, कामासाठी घर सोडून गेलेल्या आईबापांची आणि मागे राहिलेल्या त्यांच्या मुलांची आठवण ठेवावी.