पावसाच्या दिवसांतील वर्ग

कोकणात जून महिन्याच्या पूर्वार्धात पाऊस सुरू होतो आणि त्याच महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात. त्यामुळे पहिलीत दाखल झालेल्या बालकाची शाळेशी पहिली ओळख होते ती बहुधा अंधाऱ्या व ओलसर खोलीत. मैदानावर चिखल, पडवीत पागोळ्यांचे पाणी आणि एकाच खोलीत दोन-तीन इयत्तांची मुले, अशी स्थिती असते. अशा वेळी ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ एवढ्याच हुकुमावर दिवस काढला, तर मनात बसलेली शाळेची धास्ती पुढे ऊन पडले तरी सहजी जात नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान 200 दिवस व 800 तास अध्यापन ठरविले आहे. तेव्हा पावसाचे दिवस कसेबसे ढकलावयाचे नसून ते नीट योजावयाचे आहेत.

पहिली अडचण आवाजाची. पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली की शिक्षकाचा शब्द मागील रांगेपर्यंत पोहोचत नाही. शिक्षक आवाज चढवितो, मुलेही चढवितात आणि अखेर कोणीच काही ऐकत नाही. यावर उपाय असा की, त्या दिवसाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा पावसावर बेतावे. सर असेल तेव्हा हाताचे व डोळ्यांचे काम द्यावे आणि उघडीप मिळताच कानाचे काम घ्यावे. सरीच्या वेळी लहान मुलांनी चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून दशक-एकक मांडावे, ओल्या मातीची अक्षरे वळावीत. मोठ्यांसाठी फळ्यावर उदाहरणे लिहून ठेवावीत. गोष्ट, कविता, पाढे व शब्दांच्या भेंड्या उघडिपीसाठी राखून ठेवाव्यात. हात वर केला की सर्वांनी फळ्याकडे पाहावयाचे, अशी खूण आधीच ठरवावी.

दुसरी अडचण कोंडलेल्या शरीरांची. धावण्यास जागा नसली की मुले एकमेकांस ढकलतात. तो खोडकरपणा नव्हे, हालचालीची गरज होय. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मुलांना जागेवर उभे करावे. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ यास सोयीचा आहे. शब्द ऐकू येत नसतील तर शिक्षकाने कृती करावी व मुलांनी तिचे अनुकरण करावे. छत्र्या व चपला दाराबाहेर एका बाजूस ठेवाव्यात, म्हणजे ओल्या फरशीवर कोणी घसरणार नाही. डोके पुसण्यास एक-दोन कोरडे पंचे शाळेत असावेत. गळतीखालची जागा सोडून बैठक मांडावी आणि लहानांस उजेडाकडे बसवावे. मात्र विजा चमकत असता सर्वांना खिडक्या-दारांपासून दूर घ्यावे.

पाऊस हाच पाठही होऊ शकतो. सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा झाडे व पागोळ्या यांपासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज ठरावीक वेळी त्यातील पाणी पट्टीने मोजून आकडा भिंतीवर लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 50 चौरस मीटरांच्या छपरावर 20 मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी वाहिले, हे चौथीची मुले काढू शकतात. उत्तर 1000 लिटर येते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढी उंची भिंतीवर खडूने आखावी. ती रेघ पहिलीतल्या मुलाच्या छातीच्या आसपास येते, हे पाहिल्यावर आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणते मूल कोणत्या वाडीवरून येते आणि वाटेत ओढा किंवा साकव ओलांडते काय, याची यादी पहिल्या आठवड्यातच तयार असावी. ओढ्यास पाणी चढले असता मुलांना एकटे सोडू नये; न्यावयास कोण येणार, हे पालकांशी आधीच ठरवून ठेवावे. विजेचा शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास कोणासही बाहेर पाठवू नये. तो अर्धा तास गोष्टीला द्यावा. गोष्ट अपुरी राहिली तर ती पुरी ऐकण्यासाठी मूल दुसऱ्या दिवशी, पाऊस असला तरी, शाळेत येण्याचा हट्ट धरील.