अवधूताचे चोवीस गुरू आणि एका ख्रिस्ती साधूचा उसना कॅमेरा

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या प्रदोषकाळी घरोघरी श्रीदत्तजन्माचा सोहळा होतो. गुरुचरित्राच्या सप्ताहाची सांगता होते, पाळणा म्हटला जातो, सुंठवड्याचा प्रसाद वाटला जातो. या मंगल दिवशी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील यदु-अवधूत संवादाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. एकनाथमहाराजांनी १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केलेल्या आपल्या टीकेतून हा संवाद मराठी घरांच्या देवघरापर्यंत आणून पोहोचविला.

ज्याला घर नाही, दार नाही, संग्रह नाही, त्या अवधूताच्या मुखावरील प्रसन्नता पाहून यदुराजा विस्मित झाला. हा आनंद आला कोठून, असे त्याने विचारले. अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगितली. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य, समुद्र, मधमाशी, अजगर, कोळी! पृथ्वीपासून शिकताना तिच्या अंगावरील पर्वत आणि वृक्ष यांच्यापासूनही परोपकार शिकलो, असे तो म्हणतो. अवघी सृष्टीच त्याचे गुरुकुल झाली.

परंतु या गुरुमालिकेत पतंगही आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. दीपाच्या रूपाला भुलून पतंग त्यावर झेप घेतो आणि भस्म होतो. म्हणजे ज्या रूपातून अवधूत ज्ञान घेतो, तेच रूप पतंगाचा घात करते. रूप गुरू केव्हा होते आणि मोह केव्हा होते, हा या आख्यानातील मर्माचा प्रश्न आहे. हाच प्रश्न हाती कॅमेरा घेतलेल्या एका ख्रिस्ती साधूला आपल्या हिमालयाच्या पायथ्याशी पडला होता. त्यांचे नाव टॉमस मर्टन. त्यांची पुण्यतिथी १० डिसेंबर, म्हणजे बहुधा दत्तजयंतीच्या आगेमागेच येते. म्हणून आजच्या या पानावर त्यांची कथा सांगणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही. फुलापानांत ईश्वराचा हात पाहणारा ख्रिस्ती भक्त मराठी वाचकांस अपरिचितही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण 'फुलामुलांचे कवी' म्हणूनच ओळखतो.

ब्रह्मचाऱ्यांचा उपदेश

मर्टन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१५ रोजी फ्रान्समधील प्राद या गावी झाला. आई आणि वडील दोघेही चित्रकार. सहाव्या वर्षी आई गेली आणि सोळावे लागण्याच्या सुमारास वडीलही गेले. पोरका झालेला हा बुद्धिमान तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला, तेव्हा मनात श्रद्धेचे ठाणे असे कोठेच नव्हते. अशा वेळी १९३८ साली त्यांची गाठ एका हिंदू संन्याशाशी पडली. ते होते बंगालमधील वैष्णव साधू महानामव्रत ब्रह्मचारी. १९३३ साली शिकागो येथील सर्वधर्मीय परिषदेसाठी ते अमेरिकेत आले होते आणि पुढे तेथील विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती.

मर्टन यांना वाटले, हे आपल्याला एखादा पौर्वात्य ग्रंथ वाचावयास सांगतील. ब्रह्मचाऱ्यांनी सुचविली ती संत ऑगस्टीनची आत्मकथा आणि 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट' ही दोन ख्रिस्ती पुस्तके! यांतील दुसऱ्या ग्रंथाच्या काही भागाचा बंगाली अनुवाद स्वामी विवेकानंदांनी केला होता, हे येथे ध्यानी घेण्यासारखे आहे. ज्याच्या घरात जो दिवा आहे, त्यानेच त्याला उजेड दाखवावा, ही खरी हिंदू दृष्टी त्या उपदेशात होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मर्टन यांनी कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला, आणि १० डिसेंबर १९४१ रोजी केंटकी राज्यातील गेथसेमनी मठात ते दाखल झाले. हा मठ ट्रॅपिस्ट साधूंचा. मौन, प्रार्थना, शेतातील श्रम आणि मध्यरात्र उलटताच उठून गायिली जाणारी स्तोत्रे असे तेथील जीवन. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रामुळे मर्टन जगभर विख्यात झाले. पण त्यांचे मन रमले ते मठाच्या भोवतालच्या रानात. काही काळ त्या रानाची राखण आणि वृक्षलागवड हेच त्यांचे नेमून दिलेले काम होते. १९६५ पासून तर ते त्याच रानातील एका साध्या कुटीत एकटे राहू लागले.

वृक्षाचे वृक्षपण

सृष्टीकडे पाहण्याची ख्रिस्ती साधकाची रीत आपल्याहून थोडी निराळी आहे. त्यांच्या मते सृष्टी म्हणजे ईश्वर नव्हे. ती ईश्वराची निर्मिती, त्याने पाहून 'बरी आहे' असे ठरविलेली. तथापि प्राचीन ग्रीक ख्रिस्ती आचार्यांनी 'थिओरिया फिझिके' नावाची एक साधना सांगितली आहे. तिला आपण सृष्टिचिंतन म्हणू. विकारांपासून शुद्ध झालेली दृष्टी प्रत्येक वस्तूच्या ठायी दडलेला ईश्वरी हेतू ओळखते, असे तिचे सार. मर्टन मठातील नवशिक्या साधूंना हीच साधना शिकवीत. वृक्ष ईश्वराची स्तुती कशी करतो? तर केवळ वृक्ष राहून, असे ते म्हणत. त्याने दुसरे काही होऊ नये, यातच त्याची उपासना आहे.

या दृष्टीत आपल्याकडील एक धागाही विणलेला होता. विद्यापीठात असताना मर्टन यांनी ब्लेक या इंग्रज कवीवर प्रबंध लिहिला, तेव्हा त्यांनी डॉ. आनंद कुमारस्वामी यांच्या भारतीय कलाविचारावरील ग्रंथाचा आधार घेतला होता. मूर्तिकाराने आधी ध्यानस्थ व्हावे, मूर्तीचे रूप अंतरी पाहावे आणि मगच छिन्नी उचलावी, हा आपल्या शिल्पशास्त्राचा दंडक त्या ग्रंथात विवरिला आहे. पुढे मर्टन यांच्या हाती कॅमेरा आला, तेव्हा हा दंडक त्यांच्या अंगी मुरलेला असावा असे आम्हांस वाटते.

कॅमेरा आला तोही उसना! अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या साधूच्या मालकीचे काय असणार? १९६० नंतरच्या वर्षांत ते इतरांचे कॅमेरे मागून घेत आणि छायाचित्रे टिपीत. १९६८ साली त्यांचे मित्र, लेखक आणि छायाचित्रकार जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांनी आपला कॅनन कॅमेरा त्यांना वापरावयास दिला. मर्टन यांस फिल्म धुण्याची विद्या अवगत नव्हती. ते फिल्म ग्रिफिन यांच्याकडे पाठवीत. ग्रिफिन आणि त्यांचा मुलगा ती धुऊन छोट्या छोट्या ठशांचा कागद परत पाठवीत. आणि त्यांतील कोणती चित्रे मोठी करावयाची यावर मर्टन खुणा करीत. गंमत अशी, की बापलेकांना जी चित्रे उत्तम वाटत, ती सोडून ते भलतीच निवडीत. सुचवूनही उपयोग होत नसे. हौशी माणसाचा हा हट्ट नव्हता. आपल्याला काय पाहावयाचे आहे, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

त्यांच्या कृष्णधवल चित्रांत नेत्रदीपक असे काही नाही. उन्हापावसाने झिजलेली मुळे, तोडलेल्या झाडाचा बुंधा, पर्णहीन फांद्या, गवताची पाती, दगड, भिंतीवरील ऊन. विषय मांडून ठेवणे नाही, कृत्रिम प्रकाश नाही. वस्तू जेथे आहे तेथे, जशी आहे तशी. बाण सरळ करण्यात गढलेल्या कारागिराला शेजारून राजाची मिरवणूक गेल्याचेही कळले नाही, म्हणून अवधूताने त्याला गुरू केले. तीच एकाग्रता एका वाळक्या मुळापुढे उभ्या असलेल्या या साधूची होती. विनोदबुद्धीही शाबूत होती. आभाळातून लोंबणाऱ्या एका लोखंडी आकड्याचे छायाचित्र दाखवून, ईश्वराचे उपलब्ध असलेले हे एकमेव छायाचित्र, असे ते सांगत! यंत्राने देव टिपता येत नाही, हे त्या थट्टेतील सत्य.

पर्वताची दुसरी बाजू

१९६८ च्या ऑक्टोबरात हाच उसना कॅमेरा घेऊन मर्टन भारतात आले. कलकत्त्यास सर्वधर्मीय संमेलन झाले. धरमशाला येथे नोव्हेंबरात दलाई लामांशी तीन भेटी झाल्या. महात्मा गांधींच्या अहिंसाविचारांचे संकलन त्यांनी यापूर्वीच, १९६५ साली, प्रसिद्ध केलेले होते. भारत त्यांना परका नव्हता. तेथून ते दार्जिलिंगकडे गेले आणि मीम नावाच्या चहामळ्यातील बंगल्यात काही दिवस एकांतात राहिले. समोर ८५८६ मीटर उंचीची कांचनगंगा.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडली. पर्वत कधी ढगांआड दडे, कधी उघडा पडे. मर्टन त्याची छायाचित्रे घेत राहिले आणि हळूहळू त्या पर्वताला विटले. चित्रांच्या कार्डांवर हजार वेळा छापलेल्या त्या शिखराशी त्यांचे मनोमन भांडणच जुंपले. मग एके रात्री स्वप्न पडले. शुभ्र, निष्कलंक शिखरे दिसत होती. पण ती उलट्या बाजूने, तिबेटच्या दिशेने दिसत होती. या पर्वताला दुसरीही एक बाजू आहे, अशी स्पष्ट जाणीव त्या स्वप्नात झाली. १९ नोव्हेंबरच्या दैनंदिनीत त्यांनी ते नमूद केले आहे. प्रत्येक पर्वताला न टिपलेली, विक्रीस न निघालेली अशी एक बाजू असते आणि पाहण्यासारखी तीच, असा निष्कर्षही त्यांनी लिहून ठेवला.

मग त्यांनी कॅमेरा फेकून दिला काय? नाही. त्याच सकाळी त्यांनी पर्वताची आणखी तीन छायाचित्रे घेतली! मात्र आता भ्रम उरला नव्हता. आपण काय टिपतो हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. त्यात येते ते सत्य नव्हे, तर पाहणाऱ्याला जे दिसले असे वाटते त्याची सामग्री, हे त्यांस उमगले होते. पतंगाने दीपावर झेप घेतली नाही. दीपाच्या उजेडात त्याने आपला मार्ग पाहिला. रूप टाकले नाही, रूपाला कवटाळलेही नाही. श्रीदत्ताचे अवधूतपण यापरते काय असते?

पुढे मद्रास, महाबलीपुरम आणि सिंहलद्वीप. पोलोन्नरुवाच्या पाषाणातील बुद्धमूर्तींपुढे ते ओल्या गवतातून अनवाणी गेले आणि तेथे अपूर्व शांतीचा अनुभव आला, असे त्यांनी लिहिले आहे. त्यानंतर काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६८ रोजी, बँकॉकजवळ विजेच्या सदोष पंख्याचा स्पर्श होऊन त्यांचा अपघाती मृत्यू झाल्याचे नोंदविले गेले. मठात पाऊल ठेवल्याला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती. ग्रिफिन यांनी १९७० साली त्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गाणगापूरचा संगम असो, नरसोबावाडीचा घाट असो की गिरनारची पहाट, दर्शनाआधी चित्र टिपण्याची घाई आपण सारेच करतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पतंगाला काय आणि मधमाशीला काय, फूल वा ज्योत आधी दिसतेच. प्रश्न पुढचा आहे. मधमाशी फुलाला धक्का न लावता कणभर रस घेते, म्हणूनच तीही अवधूताची गुरू. टिपण्याआधी क्षणभर थांबून हात जोडावे, समोरच्या वस्तूला तिचे असणे असू द्यावे, आणि जे चित्रात उतरले नाही त्याचे भान ठेवावे, एवढे जरी आपण या परधर्मी साधूपासून घेतले, तरी चोवीसांच्या गुरुमालिकेशी आपले नाते जुळेल. अवधूताने गुरू करताना कुळ विचारले नव्हते. आपणही विचारू नये.

श्रीगुरुदेव दत्त!