बिडी सोडायची, पण एकट्याने कशाला?

'बिडी बंद करा' एवढे चिठ्ठीवर लिहिले की आपले काम झाले, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकाने माझा तो समज उतरवला. दम लागतो म्हणून ते आले होते. मी नेहमीचे वाक्य बोललो. ते म्हणाले, "डॉक्टर, तीनदा सोडली. चौथ्या दिवशी घरच्यांवर हात उगारायची पाळी आली, म्हणून पुन्हा पेटवली. सोडा म्हणता, पण कशी सोडू ते सांगा की!"

दोष त्यांच्या निश्चयाचा नव्हता. धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि मेंदूला त्याची सवय जडते. ते मिळेनासे झाले की चिडचिड होते, झोप उडते, पुष्कळांना शौचाला साफ होत नाही. (सकाळची पहिली बिडी केवळ याचसाठी ओढणारे आपल्याकडे थोडे नाहीत!) हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत अधिक असतो, पुढे तीन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे घाट ऐन चढाचा असतानाच त्यांनी गाडी मागे घेतली होती.

या चढावर आधार मिळतो. निकोटीनचा च्युइंगगम डॉक्टरांना विचारून घ्यावा. मात्र तो गोळीसारखा सतत चघळायचा नसतो. तिखट चव लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये. तलफ आली तरी ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बाहेर चार पावले टाकावीत. बिडी सोडून तंबाखू-चुना मळू लागणे मात्र आगीतून फुफाट्यात पडणे होय.

दुसरा आधार फोनचा. १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची मोफत सेवा २०१६ साली सुरू झाली. समुपदेशक तुमच्याशी बोलून सोडण्याची तारीख ठरवून देतात, नंतर स्वतःहून चौकशीही करतात. हा क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवरच छापला जातो. आमच्या चालकांनी तो बंडलावरूनच वाचून दाखवला, तेव्हा मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

"आता या वयात काय उपयोग?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. उपयोग आहे. शेवटच्या बिडीनंतर वीस मिनिटांतच नाडीचे ठोके उतरू लागतात. एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. फुप्फुसांची झालेली झीज भरून येत नाही, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. परंतु पुढची झीज मंदावते.

परवा ते आले, तेव्हा पाच महिने झाले होते. मध्ये एका लग्नात दोन बिड्या ओढल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच नंबर फिरवला होता.